हातचे किती? चौथ्या स्टेजच्या फुप्फुसाच्या कॅन्सरसोबतचे ४१ महिने

बाईंचा मुलगा मला पहिल्यांदा भेटला तो तपासणीच्या खोलीबाहेर. पाठ दाराला टेकवून त्याने दार बंद धरलं होतं. आत आई बसली होती. "मॅडम, तुम्ही समुपदेशक ना? मग एकच करा. आईसमोर कॅन्सर हा शब्द कुणी काढणार नाही, एवढं बघा. ती खचेल हो. जगायची इच्छाच सोडून देईल."

हे बोलणं मला नवीन नाही. आठवड्यातून एकदा तरी कुणाचा मुलगा, कुणाची सून, कुणाचा भाऊ मला असंच बाजूला घेतो. त्यामागे माया असते आणि प्रचंड भीती असते, म्हणून त्यावर रागवायचं नसतं. पण हे प्रकरण मी लिहून काढतेय ते याच बोलण्यासाठी. आजार लपवला की माणसाची आशा टिकते, असं बहुतेक घरांना वाटतं. या घरात त्याच्या नेमकं उलट घडताना मी जवळून पाहिलं. ओळख पटू नये म्हणून वय, नाती आणि काही तपशील बदलले आहेत. आजाराचा आणि उपचारांचा क्रम तसाच ठेवला आहे.

आजार कसा सापडला

बाई ६१ वर्षांच्या, निवृत्त गणित शिक्षिका. आमच्या विभागात सगळेच त्यांना बाई म्हणतात, कारण पहिल्याच दिवशी व्हीलचेअर ढकलणारा मुलगा त्यांचा जुना विद्यार्थी निघाला आणि त्याने मोठ्याने "बाई, तुम्ही?" म्हटलं. आयुष्यात त्यांनी सिगारेट हातात धरलेली नाही. तीन महिने कोरडा खोकला होता. आधी ॲलर्जी म्हणून औषधं झाली, मग जंतुसंसर्ग म्हणून. मग एक दिवस जिना चढताना निम्म्यावर बसावं लागलं, तेव्हा एक्स-रे काढला. डाव्या फुप्फुसाभोवती पाणी भरलं होतं. सुई घालून जवळपास सव्वा लिटर पाणी काढलं आणि त्यात ॲडेनोकार्सिनोमाच्या, म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरच्या एका प्रकारच्या, पेशी सापडल्या.

फुप्फुसाभोवतीच्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी मिळाल्या की मूळ गाठ कितीही लहान असो, स्टेज चौथीच धरतात. पेट स्कॅनमध्ये मणक्यातही एक डाग दिसला. मेंदूचा एमआरआय तेव्हा स्वच्छ होता.

चौथी स्टेज या शब्दांनी घरात काय होतं, ते सांगायला नको. पण त्याचा वैद्यकीय अर्थ मर्यादित आहे: ऑपरेशनने आजार मुळासकट काढता येणार नाही, औषधाने तो आवरून धरायचा. किती दिवस, हे त्या शब्दांत कुठेच लिहिलेलं नसतं. ते बऱ्याच अंशी पुढच्या तपासणीवर, गाठीतल्या जनुकीय बदलांवर ठरतं. त्या अहवालाला अडीच आठवडे लागले. बाईंच्या मुलाने मला दाराबाहेर गाठलं ते याच अडीच आठवड्यांत.

वही

मी मुलाला म्हटलं, "तुम्हाला सांगायचं नसेल तर सांगू नका. मीही आपण होऊन काही बोलणार नाही. पण त्यांनी विचारलं, तर खोटं बोलायला मला सांगू नका." त्याने मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

आत जाऊन मी बाईंना नेहमीचा प्रश्न विचारला. हा प्रश्न फार साधा आहे आणि माझ्या कामात याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही: "तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला स्वतःला किती माहिती हवी आहे? काहींना सगळं हवं असतं. काही म्हणतात, घरच्यांशी बोला, मला नको. दोन्ही चालतं."

बाईंनी पिशवीतून चौकटींची वही काढली, लहान मुलांना अंकगणिताला देतात तसली. पानाच्या मधोमध पट्टीने रेघ मारलेली. डावीकडे 'प्रश्न', उजवीकडे 'उत्तर'. पहिल्या पानावर चार प्रश्न होते.

पाण्यात काय सापडले? (समोर पेन्सिलीने: कॅन्सर. खात्री करणे.)
कशामुळे?
किती दिवस?
मला माहीत आहे हे मुलाला कोण सांगणार?

चौथा प्रश्न वाचून मी वही मिटून त्यांच्या हातात दिली. बोलायला सुचेना. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं एकमेकांना सांभाळत बसली होती, आणि दोघंही एकटी पडली होती.

त्याच दुपारी आम्ही चौघं बसलो: बाई, त्यांचे यजमान, मुलगा आणि मी. डॉक्टर नंतर आले. बाईंनीच सुरुवात केली. मुलगा म्हणाला, "तुला कधीपासून माहीत होतं?" त्या म्हणाल्या, "पाणी काढलं त्या दिवशी. नर्सने बाटलीवर फडकं टाकलं ना, तेव्हा." मग बराच वेळ कुणी बोललं नाही. मुलगा रडला. बाईंनी त्याला रडू दिलं आणि नंतर वही उघडून पहिल्या प्रश्नासमोरचं 'खात्री करणे' रबराने खोडलं.

त्या रात्री त्यांना महिन्याभरात पहिल्यांदा सलग झोप लागली, हे मला दुसऱ्या दिवशी यजमानांनी सांगितलं. पाणी काढल्याने श्वास मोकळा झाला, त्याचा त्यात काही वाटा असेल, पण सगळाच नसावा.

सगळं सगळ्यांना सांगावं, असा याचा अर्थ मी काढत नाही. 'मला नको सांगू' म्हणणारी माणसंही मी पाहिली आहेत आणि तो त्यांचा हक्क आहे. मात्र ते त्यांना विचारून ठरवायला हवं, त्यांच्या वतीने दाराबाहेर ठरवून चालत नाही.

दोन आकडे

अहवाल आला. ईजीएफआर या जनुकात बदल सापडला, त्यातल्या एक्झॉन १९ या तुकड्यातला. पेशीला 'वाढ' असा हुकूम देणारं एक बटण असतं. या बदलामुळे ते दाबलेलंच राहतं. हा बदल आणि त्यावर चालणारी गोळी यांचा संबंध २००४ साली उलगडला. त्याआधी ती गोळी सरसकट दिली जायची आणि काहींनाच एवढा फरक का पडतो, ते कळत नव्हतं. बाईंना त्याच घराण्यातली पुढची गोळी सुरू झाली: ओसिमर्टिनिब, ८० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा.

तिसरा प्रश्न, किती दिवस, बाईंनी डॉक्टरांना सरळ विचारला. आमच्या डॉक्टरांचं मला एक आवडतं, ते आकडा विचारणाऱ्याला आकडा देतात आणि मग खुर्ची जवळ ओढतात. त्यांनी फ्लॉरा नावाच्या चाचणीबद्दल सांगितलं. ५५६ रुग्ण होते. ओसिमर्टिनिब घेणाऱ्यांचा आजार पुन्हा वाढू लागेपर्यंतचा मध्यक काळ १८.९ महिने निघाला, जुन्या गोळ्या घेणाऱ्यांचा १०.२. पुढे २०२० साली जगण्याच्या कालावधीचे आकडे आले: मध्यक ३८.६ महिने, जुन्या गोळ्यांवर ३१.८.

मुलाचं तोंड उतरलं. त्याला अडतीस महिने म्हणजे तारीखच ऐकू आली. यजमान जमिनीकडे बघत होते. बाईंनी दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि मुलाकडे वळल्या. "मध्यक म्हणजे काय, आठवीत शिकवलं होतं मी तुला. निम्मे अलीकडे, निम्मे पलीकडे. मी कुठल्या बाजूला ते या आकड्याला माहीत नाही."

मग त्यांनी डॉक्टरांना जो प्रश्न विचारला, तो मी तोपर्यंत कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. "दोन मध्यकांची वजाबाकी करायची नसते, ते मला कळतं. पण आजार वाढतो एकोणीस महिन्यांच्या आसपास, आणि माणसं जगतात अडतीसच्या आसपास. मग मधल्या काळात ही माणसं काय करतात?"

डॉक्टर हसले. मोकळे होऊन बोलू लागले. मेंदूत डाग आले तर नेमक्या तेवढ्या जागेवर किरण देता येतात. एखाद-दुसरीच गाठ वाढली तर तेवढीच किरणांनी शेकून गोळी चालू ठेवता येते. गोळी हरली तर पुन्हा बायोप्सी किंवा रक्ताची तपासणी करून ती का हरली ते बघता येतं. त्यानंतर केमो आहे. नवीन औषधांच्या चाचण्या आहेत. सगळंच सगळ्यांना लागू पडत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

"म्हणजे हातचे आहेत तर," बाई म्हणाल्या. "बेरीज संपली असं समजून आपण उगाच घाबरलो."

हातचा हा शब्द त्या दिवसापासून त्या घरात राहिला. दर भेटीत मुलगा विचारायचा, "डॉक्टर, हातचे किती?" मला स्वतःला या शब्दाने जेवढा आधार दिला, तेवढा आशेवरच्या कुठल्याही व्याख्यानाने दिला नव्हता. बरं होण्याची आशा धरायची की सोडायची, एवढाच खेळ आम्ही घरच्यांना देत होतो. बाईंनी आशेला टप्पे पाडले. आता गोळी लागू पडावी. मग तिने एकोणीस महिन्यांची रेघ ओलांडावी. मग पुढचा हातचा कामाला यावा.

दुसरा प्रश्न

'कशामुळे?' या प्रश्नाने सगळ्यात जास्त त्रास बाईंना दिला नाही. तो यजमानांना दिला.

कॅन्सर फुप्फुसाचा आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "सिगारेट ओढायच्या का?" नातेवाईक विचारतात, शेजारी विचारतात, कधी कधी रुग्णालयातले कर्मचारीही विचारतात. फुप्फुसाचा कॅन्सर होणाऱ्यांतली दहा ते पंचवीस टक्के माणसं कधीच धूम्रपान न केलेली असतात. आणि ज्याने केलंय, त्याला तरी हा आजार भोगताना वर लाज का वाटावी? दुसऱ्या कुठल्या कॅन्सरच्या रुग्णाला आपण भेटताक्षणी 'तुझीच चूक ना?' असं विचारतो?

बाई "नाही" म्हणून मोकळ्या व्हायच्या. यजमान गप्प बसायचे. चार महिन्यांनी, गोळी छान लागू पडलेली, पाणी परत भरलेलं नाही, गाठ निम्म्याहून लहान झालेली, आणि नेमके तेव्हा ते माझ्याकडे एकटे आले. छातीत दुखतंय म्हणून त्यांनी तीन वेळा ईसीजी काढला होता. तिन्ही वेळा नॉर्मल. बराच वेळ चष्मा पुसत बसले आणि मग म्हणाले, "मी वीस वर्षं ओढली. घरात. तिच्यासमोर. सोडून पंधरा वर्षं झाली, पण ओढली."

आधुनिक हॉस्पिसची, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात शेवटपर्यंत शुश्रूषा करणाऱ्या सेवेची, चळवळ उभी करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. दुखणं शरीराचं असतं, मनाचं असतं, घरच्यांतलं असतं आणि 'हे मलाच का' या प्रश्नाचंही असतं, आणि ते सगळं मिळून एकच दुखणं होतं, हे त्यांनी मांडलं. ते रुग्णाबद्दल होतं. माझा अनुभव असा की शेजारच्या खुर्चीवर बसलेल्यालाही ते तसंच्या तसं लागू पडतं.

दुसऱ्याच्या धुराने फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हे खरं आहे. ते मी त्यांच्यापासून लपवलं नाही. ईजीएफआरमधला बदल धूम्रपान न करणाऱ्यांत जास्त आढळतो, हेही खरं आहे. आणि एका माणसाच्या एका गाठीकडे बोट दाखवून 'ही अमुक कारणाने झाली' असं सांगता येत नाही, हे तिसरं. ही तिन्ही त्यांच्यासमोर ठेवली. 'तुमची काहीच चूक नाही' म्हणून त्यांना सोडवणं सोपं होतं, पण त्यांना ते पटलं नसतं आणि पुन्हा काही विचारायला ते माझ्याकडे आले नसते.

ते बाईंशी बोलले का, कधी बोलले, मला माहीत नाही. पण पुढच्या भेटीत वहीतल्या दुसऱ्या प्रश्नासमोर उत्तर दिसलं: 'पुरेशी माहिती नाही. उदाहरण सोडून दिले.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, यजमानांच्या, तारीख होती.

माझी चूक

आधारगट हा माझ्या कामाचा भाग आहे. गोळी सुरू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी बाईंना कॅन्सरच्या एका आधारगटाला जायला सुचवलं. त्या गेल्या. तिथे बहुतेकांचे उपचार संपले होते. 'मी कॅन्सरला हरवलं' असं प्रत्येक जण उभं राहून सांगत होता आणि टाळ्या वाजत होत्या. बाईंची पाळी आली तेव्हा त्यांना काय सांगायचं ते कळेना. त्यांचे उपचार संपणार नव्हते. घरी येऊन दोन दिवस त्या फारशा बोलल्या नाहीत.

पुढच्या भेटीत त्या मला म्हणाल्या, "तिथे माझ्या इयत्तेचं कुणी नव्हतं." चूक पूर्ण माझी होती. बऱ्या झालेल्यांचा आनंद खरा असतो, पण ज्याचा आजार सोबत राहणार आहे त्याला तो टाळ्यांचा आवाज बाहेर ढकलतो.

गेल्या काही वर्षांत फुप्फुसाच्या कॅन्सरचे रुग्ण जनुकीय बदलानुसार एकत्र येऊ लागले आहेत. ईजीएफआर रेझिस्टर्स, ॲल्क पॉझिटिव्ह, रॉसवन्डर्स हे असेच गट, रुग्णांनी आणि त्यांच्या माणसांनी उभे केलेले. एकमेकांना धीर देण्यापुरते ते थांबत नाहीत, आपल्या प्रकारच्या आजारावर संशोधन व्हावं म्हणूनही धडपडतात. तो विचार धरून मी आमच्याच रुग्णांतल्या, तीच गोळी घेणाऱ्या तिघांना बाईंशी बोलायचं का म्हणून विचारलं. तिघंही हो म्हणाले. त्यातल्या एका बाईंना गोळी सुरू होऊन पाच वर्षं झाली होती. आमच्या बाईंनी त्यांना फोनवर पहिला प्रश्न काय विचारला असेल? "नखांचं काय केलंत?"

कारण तेव्हा बाईंना सगळ्यात जास्त छळत होतं ते नखुरडं. या गोळीने नखांच्या कडा सुजतात, चिरतात, कधी पिकतात. कॅन्सरपुढे ही किरकोळ गोष्ट वाटेल. पण बाईंना ब्लाउजचे हुक लावता येईनात, पेन धरता येईना, बाटलीचं झाकण उघडता येईना. डॉक्टरांना सांगायला संकोच वाटत होता, 'एवढी मोठी गोळी लागू पडली आणि ही नखांचं रडतेय' असं त्यांना वाटेल म्हणून. पलीकडच्या बाईंनी सांगितलं: कोमट पाण्यात बोटं बुडवा, नखं सरळ कापा, कोपरे खोल घेऊ नका, आणि आधी डॉक्टरांना दाखवा, त्यावर मलम असतं. मलमाने दोन आठवड्यांत फरक पडला. औषधाचा त्रास सांगितला तर औषध बंद होईल, ही भीती फार जणांना असते. बहुतेक वेळा त्रासावर उपाय निघतो. काही वेळा थोडी विश्रांती किंवा कमी मात्रा लागते. लपवलेला त्रास मात्र वाढतो. जुलाब, अंगावरचं पुरळ आणि विशेषतः नवीन खोकला किंवा दम तर मुळीच लपवायचा नाही, कारण क्वचित या गोळीने फुप्फुसाला सूज येते आणि तेव्हा ती ताबडतोब थांबवावी लागते.

"एवढ्यात पॅलिएटिव्ह कशाला?"

हे मुलाचंच. पहिल्या महिन्यात मी वेदनाशामक आणि आधार देणाऱ्या, म्हणजे पॅलिएटिव्ह, पथकाशी गाठ घालून दिली तेव्हा तो चिडला. ते शेवटचं असतं, असं त्याला वाटत होतं. बऱ्याच डॉक्टरांनाही वाटतं.

२०१० साली बॉस्टनमधल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मी त्याला वाचायला दिला. फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर नुकताच सापडलेले १५१ रुग्ण. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना तेच उपचार आणि पहिल्यापासून पॅलिएटिव्ह पथकाच्या भेटी. दुसऱ्या गटात जगण्याची प्रत चांगली राहिली आणि उदासीनतेची लक्षणं कमी आढळली. शेवटच्या दिवसांत जोरकस उपचार कमी जणांवर झाले, तरी मध्यक आयुष्य ११.६ महिने निघालं, नुसत्या नेहमीच्या उपचारांत ८.९. तेव्हा आजच्यासारख्या गोळ्या फार थोड्यांच्या वाट्याला येत होत्या, म्हणून हे आकडे आज लहान दिसतात. फरकाची दिशा मात्र बघण्यासारखी आहे.

मुलाने ते वाचलं. पटलं असं तो म्हणाला नाही. पण पुढच्या भेटीला स्वतः आईला घेऊन आला.

या पथकाने जे केलं ते दिसायला छोटं होतं. दम लागला की टेबलावर कोपर टेकवून पुढे झुकायचं, नाकाने श्वास घेऊन ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा. छोटा पंखा चेहऱ्यासमोर धरायचा. गालांवर आणि नाकाजवळ गार वारा लागला की दम लागल्याची जाणीव कमी होते. दररोज ठरावीक चालायचं, कारण पडून राहिल्याने या आजारातला थकवा उतरत नाही, उलट वाढतो. मणक्याच्या दुखण्यावर किरणांचा एकच डोस दिला आणि तेवढ्याने रात्री कूस बदलता येऊ लागली.

आणि स्कॅनचे दिवस. दर तीन महिन्यांनी सीटी. बाई त्याला घटक चाचणी म्हणायच्या, पण आठवडाभर आधीपासून त्यांची भूक जायची आणि यजमान विनाकारण चिडायचे. एकदा अहवाल फोनवर आधी आला, मुलाने ऑफिसात उघडला, त्यात 'किंचित वाढ' असे शब्द दिसले आणि त्याने ती रात्र जागून काढली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जुनं आणि नवं चित्र शेजारी ठेवून दाखवलं, मोजमापातला किरकोळ फरक होता. त्यानंतर आम्ही नियम केला: स्कॅन आणि डॉक्टरांची भेट यांच्यात एकच दिवस, आणि अहवाल उघडायचा तो डॉक्टरांसमोर, सगळ्यांनी मिळून. भीती गेली नाही. पण ती सात दिवसांऐवजी दोन दिवसांची झाली.

हातचे

एकोणिसावा महिना गेला तेव्हा बाईंनी वहीत १८.९ या आकड्याभोवती गोल केला. एवढंच.

बाविसाव्या महिन्यात मेंदूत दोन लहान डाग आले. एका बैठकीत नेमके किरण दिले, गोळी चालूच राहिली. एकोणतिसाव्या महिन्यात फुप्फुसातली गाठ वाढली. पुन्हा बायोप्सी झाली, पण नवीन गोळी देता येईल असा बदल सापडला नाही. तो दिवस वाईट होता. मुलगा 'हातचे किती' विचारायचं विसरला. बाईंनीच विचारलं.

केमो सुरू झाली: कार्बोप्लॅटिन आणि पेमेट्रेक्झेड. आधी आठवडाभर फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणि बी-१२ चं इंजेक्शन, कारण त्याने पेमेट्रेक्झेडचा त्रास कमी होतो. चार डोस झाले, मग एकटं पेमेट्रेक्झेड. बाई थकल्या, पण चालत्याबोलत्या राहिल्या. आठ वर्षांच्या नातवाने त्याच काळात विचारलं, "आजी, तू मरणार आहेस का?" सुनेने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की आजीचा आजार मोठा आहे आणि तो कुणामुळे झालेला नाही, त्याच्यामुळे तर नाहीच. बाई म्हणाल्या, "हो, या आजाराने एक दिवस मरेन. आज नाही. आज तुझे पाढे राहिलेत." हे मला सुनेने सांगितलं, सांगताना ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

याच सुमारास एका भेटीत बाईंनी मुलाला आणि यजमानांना समोर बसवून तीन गोष्टी लिहून घ्यायला लावल्या. श्वास बंद पडला तर कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर ठेवायचं नाही. शेवटचे दिवस शक्य असेल तर घरी. आणि मला बोलता येणार नाही तेव्हा निर्णय सुनेने घ्यायचा. मुलगा दुखावला. "मी का नाही?" बाई म्हणाल्या, "तू मला जाऊ देणार नाहीस." तो उठून खिडकीशी गेला. थोड्या वेळाने परत येऊन त्याने कागदावर साक्षीदार म्हणून सही केली. आशा सोडली म्हणून हे लिहिलं, असं नातेवाइकांत काही जण म्हणाले. त्याच आठवड्यात बाईंनी नव्या औषधाच्या चाचणीसाठी नाव नोंदवता येईल का, हेही डॉक्टरांना विचारलं होतं. दोन्ही वहीच्या एकाच पानावर आहे.

"खंबीर राहा, सकारात्मक विचार करा" असं सांगणाऱ्यांचं मात्र त्यांना ओझं व्हायचं. "रडले की वाटतं, गाठ वाढवली मी," असं त्या एकदा मला म्हणाल्या. रडल्याने गाठ वाढत नाही. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं, आणि हे ज्या कुणाला ऐकायची गरज असेल त्यांच्यासाठी इथेही लिहिते. जे खरंच उपयोगी पडले ते लोक वेगळे होते. एक जुनी सहकारी दर मंगळवारी यायची, यजमानांना दोन तास बाहेर पाठवायची आणि बाईंशी आजार सोडून बाकी सगळ्यावर बोलायची. 'काही लागलं तर सांगा' असं ती एकदाही म्हणाली नाही.

आता

छत्तिसाव्या महिन्यात डाव्या बाजूला पाणी पुन्हा भरू लागलं. दर आठ-दहा दिवसांनी सुई टोचण्याऐवजी डॉक्टरांनी बरगड्यांमधून एक बारीक मऊ नळी कायमची बसवली. तिचं तोंड बाहेर राहतं. बाटली जोडायची, पाणी निघतं, मग तोंड बंद करून पट्टी लावायची. घरच्या घरी जमतं, पण हात स्वच्छ हवेत आणि मन थोडं घट्ट हवं.

शिकायला मी सुनेला बोलावलं होतं. मुलगा आला. पहिल्या वेळी त्याचे हात इतके कापत होते की नर्सने त्याचं मनगट धरून ठेवलं. बाटलीत पिवळसर पाणी चढताना त्याने मान फिरवली नाही. तीन वर्षांपूर्वी ज्या बाटलीवर फडकं टाकलं गेलं होतं तशीच ही बाटली होती, आणि आता तो ती डोळ्यांसमोर धरून आकडा वाचत होता. बाईंनी वही उघडून ठेवली होती. "किती?" "चारशे वीस." "मिलिलिटर म्हण. एकक विसरू नये."

आज एक्केचाळिसावा महिना आहे. ३८.६ या आकड्याभोवतीही गोल झाला आहे. आजार आटोक्यात नाही, गाठ हळूहळू वाढते आहे, पेमेट्रेक्झेड थांबवलं आहे. नव्या औषधाच्या चाचणीसाठी रक्त पाठवलंय, उत्तर यायचंय. दम लागतो तेव्हा मॉर्फिनची अगदी लहान मात्रा घेतात, तिने श्वासाची घुसमट कमी होते आणि त्या जाग्या असतात, बोलतात. वही तिसरी चालू आहे. डावीकडच्या प्रश्नांपैकी बरेच आता आजाराबद्दलचे नसतात. गेल्या खेपेला मी पाहिलं, तिथे लिहिलं होतं: 'मंगळवारच्या मैत्रिणीला कोण भेटायला जाणार?'

काल संध्याकाळी मुलाचा फोन आला. "मॅडम, आज एकशे ऐंशी निघालं. परवा दोनशे दहा होतं." मागून बाईंचा आवाज आला. तो फोन लांब धरून म्हणाला, "हो गं, मिलिलिटर."